गुन्हेमालिकेचा हळवा भाग कसा लिहायचा: नागपूरच्या एका कथेवरून, पायरी-पायरीने

गुन्हेमालिकेत वर्षभर खून, पाठलाग, अटक असं सुरू असतं. मग एक दिवस चॅनलकडून निरोप येतो, "या महिन्यात एक इमोशनल एपिसोड पाहिजे." लेखक लगेच कामाला लागतो. एखादं लहान मूल आजारी पाडतो, इन्स्पेक्टरच्या गेलेल्या बायकोचा फोटो भिंतीवर लावतो, शेवटच्या पाच मिनिटांत पडद्यावरच्या सगळ्यांना रडवतो आणि मोकळा होतो. घरी बसलेला प्रेक्षक मात्र तेवढ्यात मोबाइल उघडून बसलेला असतो.

नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, शोक आहे आणि अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, फक्त एक. आपल्याकडच्या मालिका त्या एकालाच धरून बसल्या आहेत. शोक उभा राहतो तो परिस्थितीतून, आणि गुन्हेकथेत ही परिस्थिती आयती मिळते. पोलिसांची कार्यपद्धतीच अशी आहे की माणसाला आपल्या जवळच्या माणसाबद्दल उंची, बांधा, रंग अशा रकान्यांत बोलावं लागतं. तो रकाना नीट लिहिलात तर ग्लिसरीनची बाटली लागत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका समजुतीवर उभ्या आहेत.

हे लिखाण नागपूर-विदर्भातल्या त्या मंडळींसाठी आहे, ज्यांनी एकांकिका लिहिल्यात, राज्य नाट्य स्पर्धेत पडद्यामागे राबलेत आणि आता मालिकेसाठी लिहू पाहतात. उदाहरण म्हणून मी एक कथा रचली आहे. माणसं काल्पनिक, गाव खरं.

आधी नातं, मग प्रेत

बहुतेक जण खून कसा झाला इथून सुरुवात करतात. साध्या भागासाठी ते चालतं. हळव्या भागात मात्र पहिला प्रश्न असा विचारायचा: या तपासामुळे कोणत्या दोन माणसांमधलं नातं असं अडकेल, की खरं बोललं तरी तुटेल आणि खोटं बोललं तरी तुटेल?

आपली कथा अशी. तांडापेठेत राहणाऱ्या सुमनबाई. नवरा हातमागावर बसायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्या एका सावजी भोजनालयाच्या स्वयंपाकघरात मसाला वाटायला जातात. मोठा मुलगा प्रमोद ई-रिक्षा चालवतो, धाकटा निखिल एकोणीस वर्षांचा. मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या दिवशी निखिल नाहीसा होतो. तिसऱ्या दिवशी घरामागच्या बोळातल्या वापरात नसलेल्या विहिरीत त्याचं प्रेत सापडतं. प्रमोदने आईची सोन्याची पोत गुपचूप गहाण टाकली होती, ती निखिलला कळली, भांडण झालं आणि हातात आलेली वस्तू डोक्यात बसली. फिर्याद देणारी आई, मेलेला तिचा मुलगा आणि मारणाराही तिचाच.

इथे खुनी कोण हे प्रेक्षकाला चाळिसाव्या मिनिटापर्यंत कळू न देणं ही चैन आहे, ती सोडून द्या. विसाव्या मिनिटाला कळू द्या. त्यानंतर प्रेक्षक एकाच गोष्टीकडे बघत राहतो: आई कधी बोलणार?

कारण क्षुल्लक ठेवा. पोत, मोबाइल, उसने पैसे. कोट्यवधींची जमीन आणली की माणसं छोटी होतात.

कागदांची माळ आखा

कथा सुचली की संवादांकडे धावू नका. एका कागदावर, पोलिसांच्या दफ्तरात हे प्रकरण कोणत्या क्रमाने चढेल ते लिहा. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात.

निखिल एकोणीस वर्षांचा आहे, म्हणून आधी ठाण्यात फक्त 'मिसिंग' दाखल होईल. तो सतरा वर्षांचा असता तर अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागला असता आणि पथकं लगेच हलली असती. वयाचा हा दोन वर्षांचा फरक तुमच्या पहिल्या दहा मिनिटांची गती ठरवतो. सज्ञान पोट्टा एक रात्र घरी आला नाही म्हणून ठाण्यात कोणी धावपळ करत नाही. त्यात मारबतीच्या बंदोबस्ताने सगळे थकलेले. कोणीही वाईट वागत नाही, तरी आईला जे मिळायला हवं ते मिळत नाही.

प्रेत सापडलं की आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते. आपल्या विदर्भात तिला 'मर्ग' म्हणतात, आणि हा शब्द संवादात आला की मुंबईत बसून लिहिलेला भाग आणि इथे बसून लिहिलेला भाग यातला फरक कानाला कळतो. मग इन्क्वेस्ट (प्रेताचा) पंचनामा, पंचांच्या सह्या, शवविच्छेदन. डोक्यावरची जखम पाण्यात पडण्याआधीची आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की खुनाचा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, त्यामुळे पात्राच्या तोंडी आता कलम १०३ यायला हवं. तरी जुना हवालदार सवयीने जुन्या कायद्यातलं "तीनशे दोन" म्हणून जाईल आणि रायटर (ठाण्यात नोंदी लिहिणारा पोलीस) त्याला सुधारेल, तेही चालेल. उलट तेच खरं वाटतं.

फिर्यादीवर ती देणाऱ्याची सही होते आणि त्याला तिची प्रत फुकट मिळते. पोलिसांनी तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर मात्र साक्षीदाराची सही घेत नाहीत. मालिकांमध्ये सर्रास घेतात. ज्याला माहीत आहे तो तिथेच हसतो आणि तुमचा पुढचा करुण प्रसंग त्याच्यापुरता संपतो.

नंतर पुरवणी जबाब, सीसीटीव्ही, सीडीआर (फोनवरच्या कॉलची यादी), अटक, चोवीस तासांच्या आत कोर्टात हजर करणं, पीसीआर (पोलीस कोठडी), मेमोरंडम पंचनामा (आरोपीचं निवेदन पंचांसमोर लिहून घेणं), जप्ती आणि दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब. या माळेतले चार-पाच मणीच तुम्ही पडद्यावर दाखवणार. कोणते, ते कसं ठरवायचं? ज्या कागदापुढे माणसाला स्वतःच्या तोंडाने काहीतरी सांगावं लागतं, तो प्रसंग ठेवा. जो कागद फक्त माहिती देतो, तो एका ओळीत उरका. सीडीआर हा एका ओळीचा कागद आहे. मिसिंगचा फॉर्म पूर्ण प्रसंगाचा आहे.

मिसिंगचा फॉर्म: प्रसंग लिहून बघू

फॉर्ममध्ये उंची, बांधा, रंग, नाक, केस, अंगावरचे कपडे असं विचारलेलं असतं. हवालदार भला माणूस आहे, घाईत आहे. सुमनबाई खुर्चीच्या कडेवर बसल्यात.

"उंची?"
"माझ्याहून एवढा." (हात डोक्याच्या वर धरतात.)
"फुटात सांगा ना माय."
"फुटात नाई मोजला जी कधी."
"पाच-सहा टाकतो. बांधा?"
"जेवतच नाई धड."
"सडपातळ. रंग?"
"पावसाळ्यात उजळते थोडा."
"गव्हाळ. नाक?"
"बापासारखं."
हवालदाराचं पेन थांबतं. "सरळ का बसकं?"
"सरळच होतं त्याह्यचं... सरळ लिवा."

या प्रसंगात दुःखाचा एकही शब्द नाही. तरी आईकडे मुलाबद्दल जे आहे आणि सरकारला जे हवं आहे, यातलं अंतर दर ओळीला दिसतं. हवालदार प्रत्येक उत्तराचं सरकारी भाषांतर करतो, तेव्हा प्रत्येक वेळी थोडा निखिल पुसला जातो. शेवटच्या ओळीत गेलेला नवराही येऊन जातो, त्यासाठी वेगळा फ्लॅशबॅक लागत नाही.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. हवालदाराला निर्दय करू नका. तो उद्धट असला की प्रेक्षकाचा राग त्याच्यावर निघतो आणि आईकडचं लक्ष जातं. दुसरं, प्रसंग फॉर्म संपायच्या आधी तोडा. कपड्यांचा रकाना मुद्दाम शिल्लक ठेवा. तो तुम्हाला पुढे मेयोत, म्हणजे शवविच्छेदन होतं त्या सरकारी रुग्णालयात, लागणार आहे, कारण तीन दिवस पाण्यात राहिलेल्या चेहऱ्यावरून ओळख पटवणं अवघड असतं आणि ती शर्टावरून, करगोट्यावरून होते.

मेयोतली रात्र

केंद्राने नोव्हेंबर २०२१ पासून सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खुनाची, आत्महत्येची किंवा संशयास्पद मृत्यूची प्रकरणं एरवी त्यातून वगळली आहेत. म्हणजे संध्याकाळी सापडलेलं प्रेत सकाळपर्यंत थांबणार आणि घरचे लोकही. मालिकेत हा वेळ एका कटमध्ये उडवतात. तसं करू नका. ही रात्र फुकट मिळालेली आहे.

रात्रीत करायचं काय? बोलायचं नाही. प्रमोद चहा आणतो. शेजारचा कोणी तरी घरी जाऊन पांघरूण आणतो. आई विचारते, "आत पंखा आहे का जी?" वॉर्डबॉय म्हणतो, आत थंडच असते. एवढं पुरे. तीन पानांचा प्रसंग लिहिला असेल तर दीड पानावर आणा.

आणि हो, याच रात्री प्रमोदला आईपेक्षा जास्त रडताना दाखवा. त्याचं रडणं खरं आहे. भाऊ गेलाय त्याचा.

पुरवणी जबाब: भागाचा कणा

कायद्यातली एक तरतूद लेखकांच्या फारशी लक्षात येत नाही. साक्षीदार महिला असेल, किंवा पंधरा वर्षांखालचा मुलगा वा साठीच्या पुढचा पुरुष असेल, तर जबाबासाठी त्यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. ते राहतात तिथे जाऊन जबाब घ्यायचा. स्वतःहून यायला तयार असतील तर गोष्ट वेगळी.

म्हणजे सुमनबाईंचा जबाब घरात होईल. आणि घरात प्रमोद असेल. लोखंडी टेबल, लोंबता बल्ब अशी चौकशीची खोली दाखवून जो ताण येत नाही, तो दहा बाय दहाच्या खोलीत कूलरच्या आवाजात येतो. तरतूद फक्त वाचून सोडू नका, तिच्या पोटात प्रसंग शोधा.

इथे एक वस्तू लागते. हळव्या भागात वस्तू निवडताना एकच कसोटी लावा: ती आठवणही असली पाहिजे आणि पुरावाही. नुसती आठवण असेल तर ती भावुकता होते, नुसता पुरावा असेल तर तो लॅबचा रिपोर्ट. आपल्या कथेत ती वस्तू आहे धोटा, मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा, टोकांना लोखंड बसवलेला लाकडी तुकडा. नवरा गेल्यावर माग मोडीत निघाला, दोन धोटे मात्र बाईंनी कोनाड्यात ठेवले. खंडेनवमीला त्यांची पूजा होते. पहिल्याच प्रसंगात, मारबतीच्या सकाळी, त्या कोनाडा पुसतात आणि दोन्ही धोटे उचलून परत जागेवर ठेवतात. कॅमेरा तिथे रेंगाळला नाही पाहिजे. पटकथेत 'क्लोज-अप' लिहिण्याचा मोह आवरा.

आता जबाब. एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) वर्षा पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या, त्यांची मराठी वेगळी. सोबत रायटर लॅपटॉप मांडीवर घेऊन.

वर्षा: "प्रमोद त्या दिवशी किती वाजता घरी होता, मावशी?"
सुमनबाई: "मी कामावरून आली तवा होता. साडेतीन असन."
वर्षा: "काय करत होता?"
सुमनबाई: "आंघोळ करून बसला होता. उकाडा होता ना लय."
(त्यांची नजर कोनाड्यावर जाते. तिथे एकच धोटा आहे.)
वर्षा: "बरं. मग?"
(प्रमोद आतून पाण्याचे ग्लास घेऊन येतो. सुमनबाई पदर सावरत उठतात आणि कोनाड्याला पाठ लावून उभ्या राहतात.)
सुमनबाई: "मंग काय. जेवला. झोपला."
रायटर (टाइप करत): "जेवला... झोपला."

आईला कळलं. आईने लपवलं. दोन्ही एका हालचालीत झालं. ती उभी राहिली, एवढंच. वर्षा मॅडमना काय दिसलं? त्यांना बाई अकारण उठलेल्या दिसल्या. धोटा त्यांना माहीतच नाही. म्हणजे प्रेक्षक पोलिसांच्या पुढे गेला, आणि हळव्या भागात प्रेक्षक नेहमी पोलिसांच्या एक पाऊल पुढे असावा. चतुर भागात उलट.

प्रसंगानंतर पार्श्वसंगीताची सूचना लिहायची गरज नाही. "कूलरचा आवाज चालू" असं लिहा. दिग्दर्शक शहाणा असेल तर समजेल.

तपास अधिकारी कोरडा ठेवा

वर्षा मॅडमना स्वतःचं दुःख देऊ नका. त्यांचा भाऊ लहानपणी हरवला होता वगैरे नको. दोन दुःखं एकमेकांची ताकद खातात. त्यांना काम द्या, सर्दी द्या, ठाणेदारांचा फोन द्या. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत गोष्ट घडवायची असेल तर मुंबई-पुण्याहून आलेल्या बंदोबस्ताच्या जेवणाची काळजी द्या. कोरड्या माणसाने एकदाच ग्लास पुढे सरकवला की तो दिसतो.

आरोपी आणि मेमोरंडम

सगळ्या मालिका कबुलीजबाबावर संपतात. आरोपी ओरडतो, "हो, मीच मारलं!" आणि बेड्या. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. चालतो तो तिच्यातला तेवढाच भाग, ज्यामुळे एखादी वस्तू सापडली. म्हणून दोन पंचांसमोर आरोपीचं निवेदन लिहून घेतात, "लपवलेली वस्तू मी काढून देतो", आणि मग तो पुढे, पोलीस आणि पंच मागे, असं सगळे जातात. जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरणही आता करावं लागतं.

नाट्य म्हणून हे ओरडण्यापेक्षा किती तरी मोठं आहे. प्रमोद सगळ्यांना कुठे घेऊन जाणार? स्वतःच्याच गल्लीत. धोटा त्याच्या ई-रिक्षाच्या सीटखाली, बॅटरीच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला आहे. फेकून का नाही दिला, असं वर्षा मॅडम विचारतात. तो म्हणतो, "बापाचा होता मॅडम." हा एक संवाद मी कितीही कापाकापी झाली तरी ठेवीन. गल्लीतल्या बायका दारात, पोट्टे मोबाइल काढून उभे, आणि आई स्वतःच्या उंबऱ्यात.

निखिलची जखम रागाच्या भरात झालेली आहे. हा खून की सदोष मनुष्यवध, हे कोर्ट ठरवेल. पात्रांपैकी एखाद्याने एका वाक्यात हे बोलून दाखवावं, लांबवू नये.

आई बोलते का

नवरा-बायकोमधल्या खासगी बोलण्याला आपल्या साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे. आई-मुलाला तसं काही नाही. आईला साक्षीला बोलावलं तर यावं लागतं, शपथेवर सांगावं लागतं. वर्षा मॅडमनी हे सुमनबाईंना सांगायचं, तेही सहानुभूतीचा सूर न लावता.

शेवटाचे तीन रस्ते दिसतात. आई दंडाधिकाऱ्यासमोर खरं सांगते. आई काहीच सांगत नाही आणि पुराव्यांवर प्रकरण उभं राहतं. किंवा आज सांगते आणि पुढे कोर्टात फितूर होते. तिसरा रस्ता वास्तवात पुष्कळदा दिसतो, पण एका भागात बसवायचा तर काळाची उडी घ्यावी लागते आणि जोर जातो. मी पहिला घेईन, पण उत्तर छोटं ठेवीन. दंडाधिकाऱ्याच्या दालनात पोलीस नाहीत. दंडाधिकारी विचारतात, कोणाच्या दबावाखाली बोलताय का? सुमनबाई म्हणतात, "हाव. दोघाह्यच्या." दोघं म्हणजे कोण, ते दंडाधिकारी विचारतील, प्रेक्षक विचारणार नाही. कट.

नागपुरी बोली किती वापरायची

'मले', 'तुले', 'काऊन', 'हाव', 'येऊन रायला', 'पोट्टा', 'जी' एवढ्यावर घरचे संवाद उभे राहतात. प्रत्येक वाक्यात 'बे' टाकला की ते विनोदी स्किट होतं, आणि वऱ्हाडी-नागपुरीला पडद्यावर बहुतेक वेळा हसण्यापुरतीच जागा मिळाली आहे, हा राग मला आहेच. बोलीत माणूस रडतो, हिशेब करतो, खोटं बोलतो. ते लिहा. पिढीप्रमाणे फरक ठेवा: सुमनबाई पूर्ण बोलीत, प्रमोद गिऱ्हाइकांशी हिंदीत आणि घरात बोलीत, निखिलच्या मोबाइलमधल्या मेसेजमध्ये हिंदी-मराठीची खिचडी. नागपुरात असंच बोलतात. रायटर टाइप करतो ती भाषा मात्र शुद्ध सरकारी, "सदर इसम", "समक्ष विचारल्यावरून सांगते की".

एक सोपी तपासणी: संवाद मोठ्याने वाचा, तेही महालात किंवा इतवारीत वाढलेल्या कुणा मावशींपुढे. त्या हसल्या तर कुठे हसल्या ते लिहून ठेवा.

शहर कामाला लावा

मारबत पडद्यावर सुंदर दिसते. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, "घेऊन जा गे मारबत"चा घोष. म्हणूनच सावध राहा. उत्सव नुसता रंग म्हणून आला की तो पर्यटनाचा व्हिडिओ होतो. आपल्या कथेत तो तीन कामं करतो: ढोलांमुळे भांडणाचा आवाज कोणी ऐकला नाही, पोलीस बंदोबस्तात होते, आणि गर्दीमुळे सीसीटीव्हीत निखिल शोधणं जड गेलं. तीन कामं नसतील तर साधा मंगळवार घ्या.

तेच बाकी जागांचं. दीक्षाभूमी, झिरो माइल, फुटाळा हे सगळं एका भागात दाखवण्याची काही गरज नाही. तांडापेठ, ठाणं, मेयो, कोर्ट. चार जागा पुरतात आणि निर्मात्याचा खर्चही वाचतो. ठाण्याला खरं नाव देऊ नका.

वन-लाइनर आणि ब्रेक

तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण ४४ मिनिटं हातात येतात, अर्ध्या तासात २२. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने एक मिनिट. आधी वन-लाइनर करा, प्रत्येक सीनची एकच ओळ, आणि त्या ओळीत क्रियापद असलंच पाहिजे. "मेयोत दुःखी वातावरण" हा सीन नव्हे. "आई शर्टावरून ओळख पटवते" हा सीन.

ब्रेकच्या आधी धक्का द्यायचा ही चॅनलची सवय. हळव्या भागात धक्क्याऐवजी प्रश्न ठेवा. आई कोनाड्याला पाठ लावून उभी राहते, तिथे दुसरा ब्रेक. मेमोरंडमसाठी जीप आपल्याच गल्लीत वळते, तिथे तिसरा. पहिला ब्रेक विहिरीवर पडेल, तो पडू दे. तेवढा त्यांचा हट्ट पुरवा.

खऱ्या प्रकरणांपासून किती अंतर

वर्तमानपत्रातल्या बातमीवरून कथा सुचणं साहजिक आहे. नाव बदललं की झालं, असं मात्र नाही. गल्ली, व्यवसाय, घरातल्या माणसांची संख्या, तारीख यावरून मोहल्ल्याला कळतंच. यातल्या निदान तीन गोष्टी बदला. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि पॉक्सोखालच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या) बालकाचीही. तशा विषयावर लिहिणार असाल तर आणखी एक तपशील कामाचा: बालकाचा जबाब घेताना पोलीस अधिकारी गणवेशात नसावा असं २०१२ चा कायदा सांगतो. तुमच्या इन्स्पेक्टरला साध्या कपड्यांत पाठवा.

पाठवण्याआधी

लिहून झालं की चार दिवस बाजूला ठेवा. मग एकदा फक्त वेळा तपासा (साडेतीनला घरी आलेला माणूस तीनच्या फुटेजमध्ये कुठे दिसतो), एकदा फक्त कायदा आणि एकदा फक्त आईचे संवाद. कायद्यासाठी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना चहा पाजा. त्यांना कथा आवडली का हे विचारू नका, चूक कुठे आहे ते विचारा.

पटकथा पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. सभासद झालात की हे काम नागपुरात बसून ऑनलाइन होतं. चॅनलला किंवा निर्मात्याला पूर्ण पटकथा आधीच धाडू नका. एक पान कथा, दोन पानं वन-लाइनर आणि एखादा लिहिलेला सीन पाठवा. या कथेसाठी मी मिसिंगच्या फॉर्मचा सीन पाठवीन, जबाबाचा नाही. जबाबाचा सीन आधीची कथा माहीत नसताना कळत नाही.

मग फोन येईल. "छान आहे, पण शेवटी आई थोडी रडली तर?" नाही म्हणू नका. तिला मेयोच्या रात्री, प्रमोद चहा आणायला गेलेला असताना, दहा सेकंद रडू द्या आणि तो सीन त्यांना दाखवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. हवालदाराचा नाकाचा प्रश्न काढायला सांगतील, लांबी वाढते म्हणून. त्या बदल्यात सीसीटीव्हीचा अख्खा सीन देऊन टाका.